खाली लागलेलं

दूध खाली लागलं की
आई पातेलं ढवळू द्यायची नाही.
वरचं हलकेच दुसऱ्यात ओतायची
आणि लागलेल्यात पाणी घालून
मोरीत ठेवून द्यायची, रात्रभर.
घासू नकोस, म्हणायची. भिजू दे.

मला हे आठवलं बेचाळिसाव्या वर्षी,
शिवडीला, तिसऱ्या मजल्यावर,
रजेच्या अकराव्या दिवशी.
तोपर्यंत मी स्वतःला घासतच होते.

परळच्या इस्पितळात, तळमजल्यावर
एकोणीस वर्षं मी माणसांचे तुकडे कापते.
असं सांगितलं की लोक हातातला कप खाली ठेवतात.
म्हणून नीट सांगते :
तपासणीला आलेली गाठ मेणात बसवायची,
मशीनच्या पकडीत तो ठोकळा अडकवायचा,
चाक फिरवायचं, की पात्यावरून काप निघतात
चार मायक्रॉनचे.
कांद्याचा पापुद्रा त्यापुढे गोधडी.
वरच्या मजल्यावर डॉक्टर काच बघतात, काय ते लिहितात.
मला माणूस दिसत नाही. नंबर दिसतो.

मार्चमधल्या एका दुपारी
दहा मिनिटं मी चाक फिरवत होते
आणि पकडीत ठोकळाच नव्हता.

बोपर्डीकर मॅडमनी पाहिलं.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी माझा हात चाकावरून उचलून
माझ्याच मांडीवर ठेवला
आणि रजेचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला.
‘कारण’ या रकान्यावर बराच वेळ पेन धरून
शेवटी लिहिलं : घरगुती.

चाळीस दिवस.
पहिले दहा नुसती झोप,
आणि झोपेतून उठल्यावर झोपेचा शीण.
कुणी अळशी सांगितली, कुणी कुलदैवत.
धाकटा दीर रोज सकाळी व्हिडिओ पाठवायचा,
त्यात एक माणूस डोंगरावर उभा राहून
जिंकायचंय म्हणून ओरडायचा.
मला जिंकायचं नव्हतं.
मला कुकर लावायचा होता
आणि किती शिट्ट्या ते आठवत नव्हतं.

मग भिजू दिलं.
ओहोटीला धक्क्याशी जाऊन बसायची.
लोक कॅमेरे घेऊन यायचे, गुलाबी पाखरं बघायला.
मी चिखल बघायची.
तो सहा तास उघडा पडून असतो
आणि त्याला कुणी विचारत नाही,
आज काय केलंस.

परत गेले तेव्हा पेटलं वगैरे काही नाही.
डबा कपाटात ठेवला, ॲप्रन घातला,
ॲप्रन सैल झाला होता.
माझ्या खुर्चीवर वसईची श्रेयल तुस्कानो,
शिकाऊ, एकवीस वर्षांची, रडकुंडीला आलेली.
काप गुंडाळतायत हो मॅम, सगळे फाटतायत.

मी विचार न करता म्हटलं,
ठोकळ्यावर श्वास सोड.
काय?
आरशावर सोडतो तसा. गरम. हां, आता फिरव.

रिबीन निघाली. अखंड.
मऊ ब्रशाने उचलून तिने ती
कोमट पाण्यावर सोडली,
आणि पाण्याने तिच्या सुरकुत्या
एकेक करून सोडवल्या.
श्रेयल हसली, मोठ्याने, प्रयोगशाळेत हसू नये तशी.
मीही वाकून बघत होते,
आणि कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं
की मी बघतेय.

आता साडेपाचला दिवा बंद करते.
उरलेले ठोकळे दुसऱ्या पाळीच्या आंबेरकरांना देते.
पूर्वी दिले नसते.
मधूनच एखाद्या दुपारी तो जळका वास येतो,
तेव्हा चाक थांबवून पकडीत बघते.
ठोकळा असतो.

पातेलं तसं पूर्ण निघालं नाही.
बुडाशी एक तपकिरी गोल राहिलाय.
त्यातच दूध तापवते,
गॅस बारीक ठेवून,
तिथेच उभी राहून.