चावीवाला

असल्फ्याच्या डोंगरावर पाणी सोडतो मी,
पहाटे साडेतीनला, महापालिकेच्या चावीनं.
बावीस आटे.
मग जमिनीखाली घरघर सुरू होते
आणि वरच्या गल्लीतले हंडे जागे होतात.

कुणाकडे पाणी आलं नाही की
माणसं आधी नळ बदलतात.
नळ बदला, वायसर बदला, प्लंबरला दोनशे द्या.
मी म्हणतो, ताई, थांबा जरा,
आधी वरची लाइन बघू या.
सतरा वर्षं म्हणतोय.

आणि घरी
सहा वर्षं फक्त दर्शनाला खोलून बघत होतो.

थायरॉइड. साखर. उपाशीपोटी रक्त, दंडावर कापूस.
नळ्यांत रंग सोडून काढलेला एक्स-रे,
त्या दिवशी ती टेबलावर ओठ चावत होती
आणि मी खाली कॅन्टीनमध्ये वडा-उसळ खात होतो.
दुर्बिणीचे तीन टाके.
शेजारच्या मंदाताईंचं कडू चूर्ण.
माझ्या आईचा फोन, दर रविवारी:
तिका दाखव कोणाक तरी.
तिची फाइल विटेएवढी जाड झाली.
त्यात माझ्या नावाचा एकच कागद:
पतीची संमती. खाली माझी सही.

नव्या डॉक्टरीणबाईंनी ती चाळली, मिटली,
आणि माझ्याकडे बघून विचारलं,
तुमचे रिपोर्ट?
माझं सगळं व्यवस्थित आहे, मी म्हणालो.
कुणी सांगितलं?

कुणीच नव्हतं सांगितलं.
मिशीनं सांगितलं असेल.
मंडळाच्या कबड्डीतल्या ढालीनं.

साडेसातशे रुपये. प्लास्टिकची एक डबी.
तीन दिवस संयम, मग तासाभरात लॅबमध्ये,
अंगाच्या उबेत ठेवून आणा.
ना सुई, ना भूल, ना टाका.
एवढ्यासाठी मी दोन महिने टाळलं.
साहेब रजा देत नाहीत म्हणालो,
लाइन फुटलीय म्हणालो.
फुटली नव्हती.

शेवटी एका मंगळवारी मोरीला कडी लावली.
बाहेर तिनं टीव्हीचा आवाज वाढवला,
माझी लाज राखायला.
डबीवर लेबल तिच्याच अक्षरात:
विश्राम घाडी, वय ३८.
वेळ तिनं घड्याळात बघून लिहिली, आठ दहा.

रिक्षा घाटकोपरच्या पुलाखाली अडकली.
आठ पस्तीस. आठ चाळीस.
बावीस आटे फिरवणारे माझे हात थरथरत होते.
तिनं डबी काढून घेतली,
ओढणीखाली पोटाशी धरली,
खड्डा आला की दुसरा हात वरून.
मी रस्त्याकडे बघत राहिलो.
तिला तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

रिपोर्ट आला. मिलीलिटरला नव्वद लाख.
मला वाटलं, बापरे, अख्खी मुंबईच की जवळजवळ,
आणि लागतो तर एकच ना?
बाई हसल्या नाहीत. कमी आहेत, म्हणाल्या,
आणि आहेत तेही पुढे पोहत नाहीत.
एक शीर फुगलीय. इलाज होऊ शकतो.
तंबाखू सोडा. तीन महिन्यांनी पुन्हा डबी.
सहा वर्षांपूर्वी आला असतात तर...
वाक्य तिथंच ठेवून
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

जिन्यात दर्शना रडली.
मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली,
बरं वाटलं रे.
नुसतं बरं वाटलं.

रात्री मीच गावी फोन लावला.
आई, तपासणी माझी झाली.
खोट माझ्यात निघाली. ऑपरेशन माझं आहे.
पलीकडे रातकिडे वाजत राहिले.
मग म्हणाली, जेवलंस काय रे?
मी हो म्हटलं.
आणि बऱ्याच वेळानं,
तिका दी फोन.