पान उलटणाऱ्याची जागा

श्टायर गावात, जुन्या औषधांच्या दुकानावर,
एन्स नदीकडे तोंड केलेली खोली.
खुर्च्या चोवीस, नऊ घरांतून मागून आणलेल्या,
म्हणून बसल्यावर कुणी उंच, कुणी ठेंगणं.
फेब्रुवारीतला रविवार, तीन वाजायला आलेत.
जिन्यातल्या खुंट्यांवर कोट एकमेकांत गुंतून
ओल्या लोकरीचा वास सोडताहेत.

माझं स्टूल पियानोच्या डाव्या अंगाला.
आठवडाभर मी सुऱ्यांना धार लावतो;
पेरांतली पोलादाची काळी रेघ
साबणाला दाद देत नाही.
आज काम एवढंच: वेळेवर उठायचं,
वरचा कोपरा चिमटीत धरायचा,
कागदाचा आवाज होऊ न देता पान उलटायचं
आणि बसायचं.
काम चोख झालं, तर मी तिथे नव्हतोच.

पियानोवर सेव्हेरिन, लिंत्सहून आलेला, सव्वीस वर्षांचा,
बाह्या जरा आखूड.
त्याच्या पुढ्यातलं बाड एरेनट्राउडचं.
ती ऑक्टोबरात गेली.
वेंडेलिननं, तिच्या नवऱ्यानं,
सुतळीची गाठ न सोडता ते तसंच आणून दिलं.
काल तालमीत दोनदा टक्कर झाली त्याची आणि पोराची,
एकाच जागी, संथ भागात.
म्हातारा चेलो आडवा ठेवून म्हणाला,
‘तिच्याबरोबर कधी चुकत नव्हतं.’
पोरगा कानांपर्यंत लाल.

आधी गाणी. रोझविटा उभी राहते, सत्तरीला टेकलेली,
एक हात पियानोच्या लाकडावर, शेजारणीच्या खांद्यावर ठेवावा तसा.
गाण्यात कुणीतरी चंद्राला सांगतं, दार लोटून घे.
वरचा स्वर तिला आता पुरत नाही;
ती त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाते, आत वाकून बघते,
परत येते.
पहिल्या रांगेतला पोस्टमास्तर डोळे मिटतो.
खाली कुणाची तरी सायकल दगडांवरून खडखडत जाते
आणि गाण्याचं काही बिघडत नाही.

मग त्रयी. गुंडुला व्हायोलिन हनुवटीखाली घेते
(सोमवार ते शुक्रवार ती आमचे दात बघते).
मी पानं उलटतो, आणि समासात
एरेनट्राउड बोलत राहते, शिसपेन्सिलीत, तिरकी:
श्वास. हळू, हळू. इथे घाई केलीस ना परत?
एका कोपऱ्यात: दूध, दोन बाटल्या.
आणि संथ भागात, कालच्या त्याच जागी,
इतकं पुसट की उजेड तिरपा पडला म्हणूनच दिसलं:
थांब. त्याला उशीर होतो. होऊ दे.

सेव्हेरिनची नजर स्वरांवर. शब्दांवर नाही.
चार मात्रा उरल्या. तीन.
मी हात पुढे केला, पान उलटायला नव्हे,
आणि काळं बोट त्या ओळीखाली टेकवलं.

तो थांबला.
खोलीत काहीच नव्हतं क्षणभर,
फक्त शेगडीत कोळसा कलला तेवढं.
वेंडेलिनचा दुखरा खांदा सावकाश वर आला,
गज तारेवर उतरला, आपल्या वेळेला,
म्हणजे उशिरा,
आणि सगळं जुळलं.
त्यानं मान वर केली. पियानोकडे नाही बघितलं.
बाकाच्या वर, जिथे कुणाचं तरी डोकं असायला हवं,
तिथे बघितलं.

टाळ्यांनंतर खसखशीचा केक, कॉफी,
खुर्च्यांच्या मालकीवरून थोडा गोंधळ.
मी बाड बांधत होतो तेव्हा तो मागे उभा राहिला.
‘तू बोट ठेवलंस. काय लिहिलंय तिथे?’
तीस वर्षं तो वेळेवर होता.
मी म्हणालो, ‘दूध आणायचं. दोन बाटल्या.’
खोटं नव्हतं ते; दोन पानं अलीकडे होतंच.

तो खिडकीपाशी गेला, नदीकडे बघत राहिला,
मग गाठ चाचपून बाड काखेत मारलं.
‘आज रविवार,’ म्हणाला, ‘दुकानं बंद.
उद्या आणतो.’