पानामागे आठ दिरहम

शारजात, रोल्याच्या मागल्या गल्लीत
आमचं टायपिंग सेंटर.
व्हिसा, भाडेकरार, हरवलेल्या पासपोर्टची तक्रार,
माणसाचं जे काही चौकटीत बसतं
ते मी अरबीत बसवून देतो.
बावीस वर्षं झाली. श्रीवर्धनच्या मोहल्ल्यातली अलिफ-बे
इथं भाकरीला लागली.

इतिदालबाई मार्चमध्ये आल्या.
निवृत्त शिक्षिका. मोबाइलमध्ये बहिणीच्या वहीचे फोटो.
बहीण फिर्याल, तिकडेच राहिलेली,
तुलकरमच्या अलीकडच्या गावात.
"टाइप करा. शुद्धलेखन सुधारू नका.
ओळ वाकडी गेली असेल तिथं वीज गेलेली आहे."

फाइलला नाव लागतं. विचारलं, विषय काय लिहू?
म्हणाल्या, "विषय? मंगळवार."

मंगळवार.
पाणी आलं नाही. टाकीत चार बोटं.
शेताचं फाटक सहाला उघडायचं, सात वीसला उघडलं.
सैनिक नवा, परवाना उलटा धरून वाचत होता.
फावडं आत नेऊ दिलं, कोयता नाही.
सासऱ्यांनी त्याला कोयत्याचं वय सांगितलं.
परतताना फाटक बंद, म्हणून बांधावरच
भाकरी, कांदा, आणि धाकट्या दीराची थाप
की त्यानं एकदा समुद्र पाहिलाय.
आज काही घडलं नाही.

हे शेवटचं वाक्य जवळजवळ रोज असायचं.
मी त्याची वाट बघायला लागलो,
गस्तवाल्याच्या शिट्टीची बघावी तशी.

एकदा राहवेना. म्हटलं, बाई, तुमच्या बहिणीचा धीर मोठा.
त्यांनी चष्मा काढला.
"धीर म्हणू नका हो. सगळे तेच म्हणतात आणि उठून जातात.
तिला नळाचा वायसर हवाय."
मी त्या दिवशी पैसे घेईना,
तर त्याचाही राग.
दोन पानांचे सोळा दिरहम
नाण्यांत मोजून काउंटरवर.

ऑगस्टात अकरा दिवस पान नाही.
बाई यायच्या, एसीखाली बसायच्या, मोबाइल पालथा.
मी करार टाइप करत राहिलो.
घरमालक, भाडेकरू, मुदत, सही.
एक केरळी पोरगा अर्ज भरत होता, त्यानं विचारलं,
चाचा, 'कायमचा पत्ता' म्हणजे कुठला लिहायचा?
बाई हसल्या. मोठ्यानं. पहिल्यांदाच.
पोरगा घाबरला.

बाराव्या दिवशी पान आलं.
रस्ता कुणी खणला, रात्री दारं कुणी ठोकली,
थोरला अजून घरी
अशी अर्ध्यात सोडलेली ओळ.
आणि मग एकदम:
लहान वांगी, तीन किलो.
उकडून, मीठ भरून रात्रभर दगडाखाली.
सकाळी अक्रोड, लसूण, तांबडी मिरची.
बरणीत तेल वांग्याच्या वर हवं.
१५ दिवसांनी उघडावी.

माझी बोटं थांबली. म्हटलं,
भरली वांगी आमच्याकडेही करतात,
पण त्याच दिवशी खातात.
"तेच तर," बाई म्हणाल्या.
"पंधरा दिवसांनी, असं लिहिलंय तिनं.
नीट टाइप करा."

केलं.
आकड्याशेजारी तोच आकडा अक्षरीही लिहिला,
चेकवर लिहितात तसा,
मागाहून कुणाला खाडाखोड करता येऊ नये म्हणून.
सगळ्या वहीत माझी तेवढीच ढवळाढवळ.
बाईंनी पाहिली.
काढा म्हणाल्या नाहीत.