भाग एकेचाळीस

कोट टांगायच्या खोलीत करते मी रेकॉर्डिंग.
लोकरीचे चार कोट, दोन विसरलेल्या शाली
आणि कुणा पोराचा एकच हातमोजा.
आवाज गिळायला याहून बरं काही
हीउमा बेटावर मिळत नाही.

दर गुरुवारी, वाचनालय बंद झालं की,
तिथे उकिडवी बसून सांगते
या आठवड्यात परत आलेल्या पुस्तकांत काय सापडलं:
माशाचं खवलं.
फेरीबोटीचं तिकीट, परतीचं, न वापरलेलं.
गाजराच्या केकची कृती, जिच्यात गाजर लिहायचं राहिलंय.
एकदा दात. दुधाचा.
ऐकणारे एकोणीस. त्यातला एक माझा भाऊ,
तोही झोप लागावी म्हणून.

गेल्या नोव्हेंबरात समुद्रावरून असा वारा सुटला
की म्हटलं, हाही ऐकवू लोकांना.
माईक बाहेर आणला, कपाटांच्या मधोमध ठेवला,
मग खिडक्या लावायच्या धांदलीत
तशीच घरी गेले.
माईक चालू.

सकाळी पुसूनच टाकणार होते.
पण गुरुवार उलटला होता, हाताशी दुसरं काही नव्हतं,
सहाच्या सहा तास दिले सोडून.

रेडिएटरची टकटक.
थंडीनं आखडणारी लाकडी कपाटं,
जिना चढताना म्हातारे जसं कण्हतात तशी.
वारा, मग वारा नाही.
आणि तीन वाजून बारा मिनिटांनी
धप्प.
एक पुस्तक पडलं.

चारशे जणांनी ऐकलं ते.
तार्तूहून एकानं कळवलं: जाड पुठ्ठा, तीनशे पानांच्या वर.
जहाजावरचा एक इंजिन-मिस्त्री म्हणाला,
पडलं कसलं, उडी मारली त्यानं.
आणि साल्मे नावाच्या कुणी बाईनं फक्त एवढंच विचारलं:
उताणं पडलं की पालथं?

त्या प्रश्नानं माझी झोप उडवली.

ग्लाफिराला विचारलं. पहाटे झाडायला तीच येते,
नार्वाची आहे, वाचते फक्त रशियन.
‘होतं की एक खाली. उचललं, फट दिसली तिथे सारलं.’
कुठलं?
‘निळं. नाही, हिरवट. वीर्वे, मी काय नावं वाचते?’
पडलं होतं कसं?
बादली खाली ठेवून तिनं दोन तळहात
छपरासारखे टेबलावर पालथे घातले.
‘असं. आणि एका पानाचा कान दुमडला होता.
मी सरळ केला. दुखत असेल त्याला.’

भिंतींना कान असतात म्हणतात.
ते कुणी केले, माहीत नाही.
पुस्तकाला मात्र आपणच करून देतो कान,
झोप येते तेव्हा, बोट येते तेव्हा,
आणि विसरून जातो तिथे काय ऐकत होतो ते.

आता रोज संध्याकाळी
निळी काढते, हिरवट काढते,
पानांचे कोपरे दिव्यासमोर धरते.
सरळ केला तरी कान लपत नाही, घडी राहतेच.
पण घडी नसलेलं पुस्तक आहे कुठे इथे?
अकरा हजारांत मला सापडली ती तीन,
तिन्ही करकायद्यावरची.

बेचाळिसाव्या भागात मी पुन्हा बोलले.
पुन्हा एकोणीस.
नाही, अठरा.

एकोणिसावा दारात उभा होता, बुटांवरचा बर्फ झटकत.
म्हणाला, तुझ्या त्या धप्पनं दचकून उठलो,
दिवा लावला, घरात वाचायला काही नाही,
तर खोकल्याच्या बाटलीवरचं सगळं वाचून काढलं,
दोन्ही भाषांत.
कार्ड चालतं का गं माझं अजून?

अठ्ठावीस वर्षांचा दंड आहे, म्हटलं.
बस.