निशाणी एकवीस

शिवडी कोर्ट, दुसरा मजला.
बाईंच्या प्रेताचे अकरा फोटो, रंगीत.
मीच दाभणाने फाइलीत शिवले.

डिमेलो मॅडम म्हणाल्या,
खून झाला हे आम्हाला मान्यच आहे,
मग हे कशाला?
साहेबांनी चष्मा पुसला,
हरकत नोंदवून घेतली,
आणि फोटो हातोहात फिरले.

त्यानंतर पिंजऱ्यातल्या हिराजी केणीकडे
कोणी आधीसारखं पाहिलं नाही.
मीही नाही.
त्याने पाणी मागितलं,
तर पेला हातात न देता
कठड्यावर ठेवला.

रात्री जेवताना एकेक फोटो पुन्हा समोर आला.
भिंत, कॅलेंडर, रक्त,
उलटी पडलेली चप्पल.
अकरांपैकी एकातही
तो नाही.

रोजनाम्यात हे लिहायला
रकाना नाही.