खैरबोडी, अकरा फूट

खोक्यावर लिहिलं होतं : सहा हजार मीटर खोल चालेल.
खैरबोडीत ते अकरा फुटांवर गाळात टेकलं.
उरलेली दोरी हातात घेऊन
इंजिनिअर पोरगा ओशाळला.
"राहू दे बाप्पा," सायत्राबाई म्हणाली,
"गाळाखालीबी हाये बोडी."

पडद्यावर हिरवा धूर. मग एक मिशी.
"मागूर. म्हातारी हाये."
खाली प्राणवायूचा आकडा. पोरगा म्हणे, ठीक.
ती हसली नाही.
"रातभर ठेव. चारला पाण्याले धाप लागते."

चारला माझ्या मोबाईलने बोंब ठोकली.
अंगात शर्ट चढवत पळालो.

कंबरभर पाण्यात ती आधीच उभी,
कवेत धरधरून जलपर्णी उपसत,
वर तोंड काढलेल्या पोष्टींना
जरा वाट सोडून.