शुद्धिपत्र

कायदा कुठे जन्मतो विचारलंत तर लोक बोट दाखवतील
खांबांवर उभ्या असलेल्या त्या संसदेकडे.
मी म्हणेन, तेगुसिगाल्पाच्या सरकारी छापखान्यात,
मागच्या खोलीत, जिथला पंखा
दर चौथ्या फेरीला कण्हतो.

मी नसारिओ. सव्वीस वर्षं
दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचतोय.
समजण्यासाठी नाही, जुळवण्यासाठी.

करार झाला तेव्हा टीव्हीवर दोन मंत्री होते,
दोन झेंडे, दोन शाईची पेनं,
मधे फुलदाणी. वादळात गेलेल्यांच्या
श्रद्धांजलीलाही तीच होती.
कासिमिरा आत्याने सीमेवरून फोन केला:
झालं ना? उद्यापासून पूल मोकळा?
म्हटलं, आत्या, सही म्हणजे साखरपुडा.
दोन्ही घरचा होकार यायचाय अजून.

होकाराचं गुऱ्हाळ चौदा महिने चाललं.
समितीत आधी बूट अडले, मग डुकराचं मांस,
मग एका खासदाराने विचारलं,
साल्वादोरची कोंबडी आपला मका खाऊन मोठी झाली
तर अंडं कुणाचं?
सभागृह हसलं.
परिशिष्ट चारमध्ये त्याच प्रश्नाला सत्तावीस पानं आहेत.

पहिलं वाचन, दुसरं, तिसरं.
वाचन म्हणतात, वाचत कुणी नाही.
सचिव शीर्षक पुटपुटतो, हात वर होतात,
नदीपलीकडेही तसेच होतात.
राष्ट्राध्यक्षांची सही, मोहोर,
आणि मग तो गठ्ठा सुतळीने बांधून माझ्या टेबलावर,
कारण राजपत्रात छापून येईपर्यंत
सगळं नुसतं बोलणं असतं.

पान दोनशे अकरा. रात्रीचे पावणेतीन.
'ताजं धुरावलेलं चीज: जकात माफ.'

पुन्हा वाचलं.
ताजं, स्वल्पविराम, धुरावलेलं: असं हवं होतं.
आत्या ताजं करते. तिची जाऊ चुलीवर टांगून धुरावते.
ताजंही आणि धुरावलेलंही असं एकच चीज
दोन्ही देशांत कुणी करत नाही.
जगात नसलेलं तेवढं जकातमुक्त झालं होतं.

मूळ प्रत काढली. तिथेही नाही.
खाली दोन्ही मंत्र्यांची आद्याक्षरं, ऐटदार.
आमचा नियम एकच, मक्षिकास्थाने मक्षिका:
मूळ प्रतीत माशी चिकटली असेल
तर छापील प्रतीतही माशी.
मंत्रालयात फोन लावला. पहारेकऱ्याने उचलला.
वकीलसाहेब दहाला येतात, म्हणाला,
आणि जांभई दिली.
यंत्र चारला सुरू होतं.

पेन्सिल हातात होती.
एक शेपटीवाला ठिपका.
कुणाला कळलं असतं?

नाही दिला.
जुळारी एवारिस्तोला एवढंच सांगितलं,
त्या दोन शब्दांमधे
नेहमीपेक्षा केसभर जास्त जागा सोड.
त्याने का विचारलं नाही.

मग दोन सरकारांनी एकमेकांना पत्रं पाठवली
की आमच्याकडचं सगळं पार पडलं.
दुसरं पत्र पोचल्यापासून तीस दिवस मोजले,
आणि एका मंगळवारी करार अंमलात आला.
एल अमातियोच्या पुलावर बँड होता.

आत्या घमेलं घेऊन रांगेत.
अधिकाऱ्याने बोटाने ओळ शोधली:
ताजं की धुरावलेलं?
ताजं.
मग जकात.
पुढच्या खेपेला जावेचं नेलं.
मग जकात.
शिवाय गाय कुठली, चारा कुठला, मीठ कुठलं
याचा दाखला.
गाईच्या दाखल्यावर आत्या जे बोलली
ते कुठलंही राजपत्र छापणार नाही.

दुरुस्ती अकरा महिन्यांनी आली,
पुन्हा दोन मंत्री, नवे, फुलदाणीशिवाय.
शेवटच्या पानावर, हरवलेल्या चेकबुकाच्या
जाहिरातीखाली, दीड ओळ.
मीच तपासली. आठ वेळा.

पूल आता मोकळा आहे.
आत्या अजून उन्हाळ्यात नदीतूनच जाते,
गोआस्कोरान तेव्हा गुडघाभर असते.
म्हणते, पुलावर चपला झिजतात.